मागच्या रांगेतली वीज

कॉटनवुड बेंड कॅम्प, न्यू मेक्सिको
९ मे २००६

प्रिय मायलो,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच तुझ्या सेल्माच्या हातात देशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. मी परत येत नाहीये, आजारी नाही, आणि कुणी मला लुबाडलेलं नाही. एक विजेचा प्रश्न आहे, आणि विजेतलं कळणारा माणूस माझ्या ओळखीत तू एकच.

आठ महिने तूही पत्र टाकलं नाहीस, मीही नाही. ते राहू दे.

एप्रिलपासून मी इथे नदीकाठी आहे. बेचाळीस जागांचा कॅम्प आहे. लोक आपापली मोटरहोम घेऊन येतात, आठवडाभर राहतात, पुढे जातात. मी ऑक्टोबरपर्यंत मुक्कामाला. आलेल्यांना जागा दाखवायची, न्हाणीघरं धुवायची, भांडणं मिटवायची, आणि त्या बदल्यात मला मागच्या रांगेत एक जागा. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला माणसं रांगेत लावायला कुणी शिकवावं लागत नाही. मालक हार्लन पेटिबोन म्हणून आहेत. सत्तरीचे, तिरसट. सगळा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला. घोड्यांशी बोलायची सवय असल्यामुळे माणसांकडून उत्तराची अपेक्षा ठेवत नाहीत.

तर प्रश्न असा. प्रत्येक जागेपाशी कमरेएवढा विजेचा खुंट आहे. त्यात आपल्या गाडीची जाड वायर खोचायची. सकाळी सगळं छान चालतं. पण दुपारी तीनला पारा शंभर फॅरनहाइटच्या घरात गेला आणि सगळ्यांनी एसी लावले, की माझे दिवे काविळीसारखे पिवळे पडतात. एरवी गुणगुणणारा एसी कण्हायला लागतो. परवा मायक्रोवेव्हमध्ये बटाटा ठेवला, वीस मिनिटांनीही तो दगड. शेजारीपाजारी म्हणतात, कॅम्प म्हटला की असंच. हार्लन म्हणतात, "उन्हाळा आहे, बाई. विजेलाही घाम येतो."

हे खरंच असंच असतं का?

तुझी बहीण,
व्हर्ना


लोन एल्म, नॉर्थ डाकोटा
१७ मे

व्हर्ना,

असं नसतं.

दिव्याला वीज कमी पडली तर तो मंद होतो, बाकी काही बिघडत नाही. मोटरचं तसं नाही. व्होल्टेज पडलं तरी एसीच्या कॉम्प्रेसरला काम तेवढंच करायचं असतं. मग तो जास्त करंट ओढतो आणि आतून तापतो. आज कण्हतोय, उद्या जळेल.

हार्डवेअरच्या दुकानातून एक व्होल्टमीटर आण. सकाळी सहा, दुपारी तीन, संध्याकाळी सहा, असे तीनदा आकडे लिही. एकशे वीस व्होल्ट हवं. एकशे दहापर्यंत निभेल. एकशे चारच्या खाली गेलं की एसी बंद, मग कितीही उकडो. फ्रिज आणि पाणी तापवायचा बंब गॅसवर चालव, विजेवर नको. वायर खोचताना आणि काढताना आधी खुंटातला ब्रेकर पाडायचा. दर वेळी. घाईत असलीस तरी.

विजेला घाम येत नाही. हे त्यांना माझ्या नावानं सांग.

सेल्मा बरी आहे.

मायलो


कॉटनवुड बेंड
२८ मे

प्रिय मायलो,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तीनदा वाचायलाही दोन मिनिटं पुरली. तरी बरं वाटलं.

मीटर आणला. आठवड्याचे आकडे असे: सकाळी एकशे एकोणीस, कधी एकशे अठरा. दुपारी तीनला एकशे पाच. शनिवारी कॅम्प भरला तेव्हा संध्याकाळी एकशे एक! मी लगेच एसी बंद केला आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. पुढच्या रांगेत इतकं वाईट नाही, तिथे एकशे बारा-तेरा मिळतं. आमच्या रांगेलाच काय शाप आहे, कळत नाही. फ्रिज गॅसवर घेतला. बंब तेवढा विजेवरच ठेवलाय, त्याचा गॅसचा बर्नर पेटतच नाही. रागावू नकोस.

मी खुंटापाशी उकिडवी बसून आकडा वाचत होते, तेवढ्यात हार्लन आले.

"काय हो डॉक्टरीणबाई, नाडी लागते का?"

"लागते, पण रोगी अशक्त आहे," मी म्हटलं.

"अडतीस वर्षं हे खुंट उभे आहेत. एकाचीही तक्रार नाही."

"अडतीस वर्षांपूर्वी लोक एक बल्ब आणि एक रेडिओ घेऊन येत होते. आता प्रत्येकाच्या छपरावर दोन-दोन एसी असतात. माझा भाऊ म्हणतो, विजेला घाम येत नाही."

"तुमच्या भावाला सांगा, मलाही येत नाही," असं म्हणून ते निघून गेले. पाठीवरचा शर्ट चिंब होता.

बाकी मजेत आहे. शेजारच्या जागेत कॅन्ससचे ॲबनर क्विस्ट आहेत. एकोणऐंशीचे, हळू बोलतात, नाकाला ऑक्सिजनची नळी. पण विनोद एक सुटत नाही त्यांच्या तोंडून. त्यांची कुत्री पेनी मात्र दोन दिवसांपासून येड्यासारखी वागतेय. सकाळी गवतावर पाण्याचे फवारे सोडतात ना, त्यानंतर ती गाडीच्या लोखंडी पायरीवर पायच ठेवत नाही. केकाटते आणि मागे पळते. बिचाऱ्या ॲबनरना तिला उचलून न्यावं लागतं. गंमत म्हणजे मलाही सकाळी अनवाणी बाहेर आले की दाराच्या कडीला हात लावताना बोटांना मुंग्या येतात. वय झालं म्हणायचं. रबरी सपाता घातल्या की येत नाहीत.

इथे कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतोय सगळीकडे. तुला शिंका आल्या असत्या.

व्हर्ना


लोन एल्म
३ जून

व्हर्ना,

सेल्मानं काल कॅम्पवर फोन केला, ते तुला कळलं असेलच. मला फोनवर ऐकू येत नाही, नाहीतर मीच केला असता. मी शेजारी उभा राहून काय बोलायचं ते तिला सांगत होतो, आणि ती म्हणत होती, ओरडू नकोस, बहिरा तू आहेस, मी नाही.

तुला आलेल्या मुंग्या वयाच्या नव्हत्या. तुझ्या गाडीच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरली होती. कुठूनतरी थोडा करंट गळतोय, आणि तो वाहून न्यायची अर्थिंगची तार तुटली आहे. कोरड्या जमिनीवर मुंग्या येतात. ओल्या गवतात अनवाणी माणूस कडी धरतो आणि कधीकधी त्याला ती सोडता येत नाही.

तुझं पत्र वाचत कुत्रीपर्यंत आलो आणि माझ्या हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सेल्मालाही काल सांगितली. १९७४ साली एका शेतावरून आमच्या वीज कंपनीत फोन आला. घरची बाई म्हणाली, आमच्या गाई हौदाचं पाणी पीत नाहीत, तोंड लावतात आणि दचकून मागे येतात. मी हसलो. गाईच्या पाण्याचं विजेवाल्याला काय सांगता, सोमवारी बघू, म्हटलं. रविवारी एक गाय हौदापाशी मरून पडली. तिला ओढायला म्हणून त्या बाईनं हौदाच्या लोखंडी काठावर हात टेकला. ती वाचली. पण तिचा उजवा हात पुन्हा कधी पुरता उघडला नाही. दुकानात भेटायची, तेव्हा डाव्या हातानं सुटे पैसे मोजून द्यायची. मला दोष द्यायची नाही. ते जास्त जड जायचं.

जनावर मागे सरतंय म्हणजे त्याला काहीतरी कळलंय. हे तेव्हा मला कळलं नाही.

पोस्टकार्डावर दोन ओळी लिही. लगेच.

मायलो


कॉटनवुड बेंड
९ जून

प्रिय मायलो,

मी धडधाकट आहे. पोस्टकार्डात मावलं नसतं म्हणून पत्रच लिहिते.

दोन तारखेला सकाळी मी गाडीत पॅनकेक करत होते. खिडकीतून पाहते तो हार्लन पळत येतायत. मायलो, मी त्या माणसाला कधी भरभर चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं. फवारे चालू, त्यातून ते बूट फचफचवत आले आणि दहा हातांवर थांबून ओरडले, "कडीला हात लावू नका! बाहेर येऊ नका! आहात तिथेच बसा!"

"झालं काय?"

"तुमची भावजय फोनवर आहे. ती म्हणते, तुम्ही मेलात तर ती मला सोडणार नाही."

त्यांनी आधी पूर्ण रांगेची वीज तोडली. मग सगळे फवारे बंद केले. मग आमचे खुंट एकेक करून उघडले. माझ्या खुंटाच्या अलीकडे अर्थिंगची तार गंजून पार भुगा झाली होती. माझ्या आणि ॲबनरच्या खुंटाला ती एकच तार आहे. म्हणजे माझ्या गाडीतली गळती त्यांच्या पायरीत उतरत होती, आणि ती पेनीच्या पंजांना कळत होती.

आता कबुली देते. गळती बंबातून होती. तू गॅसवर चालव म्हणालास तोच बंब. त्याची पाणी तापवणारी कांडी आत फुटली होती. म्हणजे अर्धी चूक हार्लनच्या तारेची आणि अर्धी माझी. मी महिनाभर त्यांना टोमणे मारतेय, आणि ॲबनरच्या पायरीत वीज सोडत होते मी! ॲबनरना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "व्हर्ना, गेल्या दहा वर्षांत कुणा बाईमुळे माझ्या अंगात वीज गेली नव्हती." मी हसले आणि मग त्यांच्याच पायरीवर बसून रडले.

हार्लन संध्याकाळी आले. टोपी हातात होती.

"तुमच्या भावाला लिहा," म्हणाले. "तो काय म्हणेल ते ऐकतो. गावातला वायरमन सप्टेंबरपर्यंत मोकळा नाही."

तू बत्तीस वर्षं ती हौदाची गोष्ट एकट्यानं बाळगलीस. पण या खेपेला तू सोमवारपर्यंत थांबला नाहीस.

व्हर्ना


लोन एल्म
१७ जून

प्रिय व्हर्ना,

मी लिहिलंय हे मायलोला कळता कामा नये. तो आत्ता गॅरेजमध्ये आहे.

गेल्या सप्टेंबरात चर्चच्या हिरवळीवर सगळ्या गावासमोर तो तुला म्हणाला, तीन महिन्यांत रडत परत येशील. तू म्हणालीस, आले तरी तुझ्या दारात येणार नाही. दोघांचंही मी ऐकलंय, आणि तेव्हापासून रोज एकाचं तोंडही बघतेय. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यानं ते फोडायच्या आधी दाढी केली. का, ते मला विचारू नकोस. आता स्वयंपाकघरात भिंतीवर न्यू मेक्सिकोचा नकाशा आहे. तुझी पत्रं तो न्हाव्याच्या दुकानात वाचून दाखवतो. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तुझ्या रांगेचं व्होल्टेज पाठ आहे.

त्याला तिकडे यायचंय. बोलावल्याशिवाय येणार नाही, आणि बोलाव असंही म्हणणार नाही. तुमच्या घरातली हाडंच तशी. तेवढं तू बघ.

सेल्मा

पार्सल येईल. 'घरात पडून होतं' असं तो लिहील. त्यासाठी तो मायनॉट शहरात जाऊन आलाय, आणि मोठ्या रस्त्यावर त्यानं चार वर्षांनी गाडी चालवली.


लोन एल्म
१८ जून

व्हर्ना,

सोबत एक पिवळा डबा पाठवतोय. घरात पडून होता.

खुंट आणि तुझी वायर यांच्या मध्ये तो लावायचा. वीज आत सोडायच्या आधी तो दोन-अडीच मिनिटं तिला पारखतो. तारा उलट जोडलेल्या असल्या, अर्थिंग नसली, व्होल्टेज एकशे चारच्या खाली किंवा एकशे बत्तीसच्या वर गेलं, तर तो वीज तोडतो आणि ती सुधारेपर्यंत तुटलेलीच ठेवतो. आकाशातली वीज पडली तर थोडा मार स्वतः खातो. त्यानं वीज तोडली की त्याला शिव्या देऊ नकोस. तो त्याचं काम करतोय. साखळीनं खुंटाला बांधून ठेव, चोरीला जातो.

हार्लनना सांग: जमिनीत नुसती सळई ठोकून अर्थिंग होत नाही. तार मुख्य पेटीपर्यंत सलग जायला हवी. ते आधी करा. मग मागच्या रांगेची पेटी उघडून न्यूट्रलचे स्क्रू आवळा. गाडीला विजेच्या दोन जिवंत तारा येतात आणि मधली न्यूट्रल दोघींना धरून ठेवते. ती सुटली तर एका बाजूचं व्होल्टेज बुडतं आणि दुसऱ्या बाजूचं एकशे सत्तर-ऐंशीवर उसळतं. मग टीव्ही, फ्रिज, जे असेल ते दोन सेकंदांत जातं. मागची रांग रोज तापते आणि रोज थंड होते. अशा ठिकाणी स्क्रू आपोआप सैल होतात.

हे पुढे ढकलू नका.

बंबाची कांडी बदललीस का?

मायलो


कॉटनवुड बेंड
६ जुलै

प्रिय मायलो,

कांडी बदलली. बर्नरही दुरुस्त करून घेतला. आता पुढचं बसून वाच.

हार्लननी अर्थिंगची तार तू सांगितलीस तशी सलग घातली. त्यात आठवडा गेला, तोही उन्हात एकट्यानं खणून. न्यूट्रलच्या स्क्रूबद्दल मात्र म्हणाले, चार जुलैची गर्दी ओसरू दे, रांग बंद करावी लागेल, मग निवांत करतो. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा करायला हवी होती.

तीन तारखेला कॅम्प खचाखच भरला होता. हार्लन बर्फ आणायला गावात गेले होते. दुपारी अडीचला माझ्या गाडीतलं सगळं एकदम गप्प झालं. एसी, पंखा, सगळंच. मी डब्याला एक शिवी दिली (माफ कर), आणि बाहेर आले. डब्यावर एका बाजूला एकशे एकाहत्तर दिसलं. तेवढ्यात पलीकडच्या गाडीतून फाटकन आवाज आला आणि खिडकीतून धूर.

मला तुझं पत्र शब्दन् शब्द आठवलं. पळत जाऊन मागच्या रांगेची मुख्य खटकी पाडली. मग बसमध्ये चाळीस पोरं गोंधळ घालायची तेव्हा जो आवाज काढायचे तो काढला, "सगळ्यांनी आपापल्या वायरी उपटा! आत्ताच्या आत्ता! चौकशी नंतर!" एक धिप्पाड गडी म्हणाला, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "तुझी बसवाली. उपट." त्यानं उपटली.

पाच गाड्यांमध्ये काही ना काही जळलं. टीव्ही, मायक्रोवेव्ह, एकाचा फ्रिज. आग कुठेच लागली नाही. पण ॲबनरचं ऑक्सिजनचं यंत्रही बंद पडलं. ते दाराबाहेर खुर्चीत बसून होते, ओठ निळसर झालेले. जोडीचा लहान सिलिंडर होता, पण तो अर्ध्या तासापुरताच. मी आणि त्या धिप्पाड गड्यानं त्यांना खुर्चीसकट उचलून माझ्या गाडीत आणलं. मी गाडीतला जनरेटर सुरू केला. यंत्र त्यावर लावलं. त्याच्यातलंही काही जळलं असेल तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मग ते घुरघुरलं आणि चालू झालं. इतका सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही. ॲबनर डोळे मिटून दहा मिनिटं नुसते श्वास घेत होते. मग म्हणाले, "पाई आहे का?" चेरीची होती. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, पेनीनं एक.

हार्लन परत आले. काय झालं ते बघून ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिले. बर्फाचं पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं. मग ते उठले आणि पाचही गाड्यांच्या दारात गेले. प्रत्येकाला म्हणाले, "चूक माझी आहे. मला सांगितलं होतं. भरून देईन." शेवटी ॲबनरकडे आले आणि टोपी काढून उभे राहिले. ॲबनरच म्हणाले, "बस. पाई खा."

त्यांनी मागची रांग दोर लावून बंद केली आहे. पूर्ण नव्यानं करायची म्हणतात. वायरमन महिनाअखेरीस यायला तयार झालाय, पण त्याच्या डोक्यावर उभा राहून बघणारा माणूस हवा आहे. हार्लन म्हणाले, "तुझा भाऊ येईल का?" (आता ते मला 'तू' म्हणतात. तीन तारखेपासून.)

हार्लनना तुझी गरज आहे, हे खरं. पण त्यांच्या नावावर लपत नाही. मलाच तू यायला हवा आहेस. तो डबा नसता तर माझी गाडी गेली असती, आणि मग ॲबनरना कुठे नेलं असतं, याचा मी रोज विचार करते. ये, मायलो.

व्हर्ना


लोन एल्म
१४ जुलै

व्हर्ना,

वीस तारखेला निघतो. ट्रकनं. रोज चारशे मैलांच्या वर चालवायचं नाही, असं सेल्मानं लिहून घेतलं आहे.

हार्लनना म्हणावं, मी येईपर्यंत तारा विकत घेऊ नका. ते बारीक घेतील. मुख्य पेटीपासून शेवटच्या खुंटापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून ठेवा. आणि बोलताना माझ्या डाव्या बाजूला उभे राहा. उजव्या कानात आता काही उरलेलं नाही.

सेल्मा येत नाही. म्हणते काकड्यांचं लोणचं घालायचंय. पुन्हा म्हणते, ही तुमची दोघांची गोष्ट आहे, मी मध्ये कशाला.

तू त्या दिवशी जे केलंस ते आमच्या कंपनीतल्या अर्ध्या गड्यांना जमलं नसतं. हे मी न्हाव्याच्या दुकानातही सांगितलं.

मायलो


कॉटनवुड बेंड
२ ऑगस्ट

प्रिय सेल्मा,

पोचलो. जेवतोय. टोपी घालतो.

काम चांगलं झालंय. इथला वायरमन बेनिटो अपोडाका म्हणून आहे. परवानाधारक, हुशार, आणि पहिले दोन दिवस माझ्यावर भयंकर चिडलेला. मी त्याचा प्रत्येक स्क्रू तपासत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "एका गाईनं." मग त्याला ती गोष्ट सांगितली. आता तोच मला बोलावतो, या, हा स्क्रू बघा म्हणून. जाड तांब्याची तार घातली आहे. काल काउंटीचा तपासनीस येऊन सही करून गेला. हार्लननी सहीचा कागद चौकटीत घालून कचेरीत टांगलाय. चांगला माणूस आहे. माझ्या डाव्या बाजूला उभं राहायचं विसरतो आणि मग माझ्याभोवती घोड्यासारखा गोल फिरतो.

आता खरं ते लिहितो. बोलायचं होतं ते आठ दिवस बोललो नाही. व्हर्ना मला रोज पॅनकेक करून घालत होती आणि आम्ही दोघं फक्त तारांबद्दल बोलत होतो. परवा ती माझ्यासाठी टॉर्च धरून बसली होती आणि मी एका खुंटात डोकं घालून काम करत होतो. डोकं आत होतं म्हणून धीर आला.

मी म्हटलं, "व्हर्ना, त्या दिवशी चर्चच्या हिरवळीवर मी..."

ती म्हणाली, "आधी स्क्रू आवळ."

मी आवळला.

"आता बोल," म्हणाली.

मी म्हटलं, तू रडत परत येशील असं मला वाटलं नव्हतं. तू परत येणारच नाहीस असं वाटलं होतं. एकतीस वर्षं रोज सकाळी सव्वासातला तुझी पिवळी बस माझ्या घरावरून जायची आणि तू एकदा हॉर्न वाजवायचीस. मी कधी खिडकीतून हात केला नाही, पण कॉफी घेऊन तिथे उभा असायचो. तू निवृत्त झालीस, हॉर्न बंद झाला. मग तू घर विकून निघालीस. मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी तोंडाला येईल ते बोलतो.

ती म्हणाली, "पडदा हलायचा. मला दिसायचा. म्हणून तर वाजवायचे."

बेनिटो आला, आमच्याकडे बघितलं आणि परत गेला.

सेल्मा, संध्याकाळी इथे नदीवरून वारा येतो. हार्लन, व्हर्ना, तो ॲबनर आणि मी बाहेर खुर्च्या टाकून बसतो. ॲबनर बोलतो ते मला अर्धं ऐकू येतं आणि तरी हसू येतं. काम संपलं. मला आता निघायला हवं. पण निघावंसं वाटत नाही. ओळीनं चार खुर्च्या असतात आणि मी दर वेळी पाचवी ओढून ठेवतो. व्हर्ना त्यावरून मला चिडवते.

तू ये.

मायलो


लोन एल्म
८ ऑगस्ट

मायलो,

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तू मला 'चल', 'थांब', 'आवर' असं सगळं म्हणालास. 'तू ये' हे शब्द आज पहिल्यांदा लिहिलेस. ते मी पत्रपेटीपाशी उभ्यानं वाचले, मग स्वयंपाकघरात बसून वाचले, आणि मग काकड्या बरण्यांसकट शेजारच्या नायगार्डबाईंना देऊन आले. तिखट-मीठ त्यांचं त्या बघतील.

रेल्वेचं तिकीट काढलंय. शिकागोला गाडी बदलून शनिवारी एकोणीस तारखेला दुपारी चारला अल्बुकर्कीला पोचते. गाडी हमखास उशिरा येते, तेव्हा दुपारी बारापासून उन्हात उभा राहू नकोस. राहशील हे माहीत आहे, तरी लिहिते. माझी मोठी बॅग जड आहे. ती हार्लनना उचलू दे, तू उचलू नकोस.

व्हर्नाला सांग, मी पाहुणी म्हणून येत नाहीये, राहायला येतेय. ऑक्टोबरपर्यंत. एक न्हाणीघर माझ्याकडे दे म्हणावं, मी तिच्यापेक्षा चांगलं धुते.

सेल्मा